वावर, घर आणि व्यायाम: वैयक्तिक फिटनेस प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर तालुक्यातल्या गावांमध्ये मी लोकांना व्यायाम शिकवते. फोनवर, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात लोक जे विचारतात त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे जमा केले आहेत. झाडीपट्टीकडूनही, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या भातपट्ट्यातूनही फोन येतात, म्हणून तिकडच्या अडचणीही घेतल्या. कुठलाही प्रश्न सुटा वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वैयक्तिक प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय? जिम लावण्यात आणि यात फरक काय?

जिममध्ये यंत्रं मिळतात. इथे आधी तुमची चौकशी होते आणि मग व्यायाम ठरतो. पहिल्या भेटीत तासभर मी फक्त विचारते आणि मोजते: रक्तदाब, कमरेचा घेर, जुनी दुखणी, चालू गोळ्या, झोप, घरातलं खाणं, शेतात सध्या कोणतं काम चालू आहे. मग तीन गोष्टी करून बघते. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, आणि सहा मिनिटांत किती अंतर चालून होतं. हे आकडे वहीत लिहायचे आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. वजनकाट्यापेक्षा ही वही जास्त खरं सांगते.

आरोग्य कोचिंग हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. त्यात झोप, जेवण, गोळ्यांच्या वेळा, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) अशा सवयी येतात. एका वेळी एकच सवय हाती घ्यायची, ती बसली की पुढची.

२. "ताई, मी दिवसभर वावरात राबतो. मंग मले व्यायाम कायले पाहिजे?"

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. डवरणी, ओलित, गाडीत कडबा भरणं यात घाम निघतो, हृदयालाही काम मिळतं. ज्या महिन्यांत असं काम चालू आहे त्या महिन्यांत वेगळं फिरायला जायची गरज नाही, हे मी स्पष्ट सांगते.

पण शेतीचं काम पिकाच्या गरजेने चालतं, तुमच्या सांध्यांच्या गरजेने नाही. कापूस वेचताना दिवसभर कंबर वाकलेली असते आणि कमरेच्या झोळीत वजन वाढत जातं. निंदणात उकिडवं बसून एकच हात चालतो. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की खांदे पुढे ओढले जातात. एकच हालचाल हजार वेळा होते आणि तिच्या उलट दिशेची एकदाही होत नाही. म्हणून काही स्नायू ताठरतात, काही दुबळे राहतात. व्यायामात आपण थोड्या वजनापासून सुरुवात करतो, ते ठरवून वाढवतो आणि मध्ये विश्रांती देतो. वावरात या तिन्हीपैकी काहीच आपल्या हातात नसतं.

माझे वडील आयुष्यभर शेतीत राबले. साठीला आले तेव्हाही पोतं उचलायचे, पण पंगतीतून उठताना कुणाचा तरी हात धरावा लागायचा. आठवड्यातून दोनदा बाजेवरून उठण्या-बसण्याचा सराव सुरू केला, मग उंची कमी करत पाटावर आलो. चार महिन्यांनी ते हात न धरता उठले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यासाठीच मी हे काम करते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. ट्रॅक्टर आला, तणनाशक आलं, वावरात जायला मोटरसायकल आली. शेती तुमची असली तरी अंगमेहनत पूर्वीइतकी उरली आहे का?

३. आठवड्याला किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रम. शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव त्यात जोडायचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण अभंग म्हणता येत नाही. घड्याळ नसलं तरी ही खूण पुरते.

४. जिम नाही, सामान नाही. घरी कशाने करायचा?

ओटा, पायरी, बाज, पाण्याची कॅन आणि खताची रिकामी गोणी. गोणीत आधी पाच किलो रेती भरा, तोंड घट्ट शिवा. ती छातीशी धरून बाजेवरून उठा-बसा. पायरीवर एकेका पायाने चढा-उतरा. भिंतीला हात टेकून जोर काढा, ते सोपे झाले की ओट्याला टेकून, मग जमिनीवर. पाठीसाठी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापा, अंगणातल्या खांबाला अडकवा आणि दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा. पट्टीला चीर गेली असेल तर ती टाकून द्या, तुटून डोळ्याला लागते. प्रत्येक प्रकार आठ वेळा, दोन फेऱ्या. बारा वेळा सहज जमू लागलं की गोणीत एक किलो रेती वाढवायची.

५. रोज बारा सूर्यनमस्कार घालतो. तेवढे पुरेत ना?

चांगली सवय आहे, सोडू नका. त्यात ढकलणं, वाकणं, ताणणं आहे. ओढणं मात्र नाही, आणि वजन वाढवण्याची सोयही नाही. जुन्या आखाड्यांनी ही उणीव मल्लखांबाने आणि दोरावरच्या कसरतीने भरून काढली होती. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून हा वारसा जपला जातो आहे. तुम्हाला मल्लखांब शक्य नसेल तर प्रश्न ४ मधली ट्यूब जोडा.

६. पेरणी आली की व्यायाम सुटतो. दरवर्षी हेच होतं. काय करावं?

माझ्या मते साऱ्या प्रशिक्षणाचं मर्म याच प्रश्नात आहे. बहुतेक आराखडे शहरातल्या आठवड्यावर बेतलेले असतात: सोमवार ते शनिवार, वर्षभर सारखे. आपलं वर्ष तसं चालत नाही. म्हणून मी वर्षाचा आराखडा पिकाबरोबर आखते.

फेब्रुवारी ते मे हे ताकद कमावण्याचे महिने. तूर-हरभरा घरी आला की आठवड्यात तीन दिवस, पाऊण तास, दर पंधरवड्याला वजन थोडं वर. मृग लागला, पेरणीची धावपळ सुरू झाली की आराखडा मुद्दाम दहा मिनिटांवर आणायचा. आठवड्यातून एक-दोनदा तीनच प्रकार: उठा-बसा, जोर, ट्यूब ओढणं. मिळवलेली ताकद टिकवायला ती मिळवताना लागलेल्या सरावाच्या निम्म्याहूनही कमी सराव पुरतो, फक्त गोणीतलं वजन उतरवायचं नाही. म्हणजे त्या दिवसांत व्यायाम कमी झाला तरी तो सुटलेला नसतो.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडच्या बायांना मी ताकदीचा व्यायाम देतच नाही. बांधीतून बाहेर आल्यावर पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, दहा श्वास, तीन वेळा. दिवसभर कंबर पुढे वाकलेली असते, ती उलट दिशेला मोकळी करायची. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असतानाही हेच, आणि जोडीला दर तासाला दोन मिनिटं ताठ उभं राहणं. तेवढ्यासाठी मुकादमाशी बोलावं लागलं तर मी बोलते.

पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी या दिवसांची सुट्टी आराखड्यात आधीच लिहून ठेवा. लिहिलेल्या सुट्टीनंतर माणूस परत येतो, चुकल्याची खंत घेऊन बसलेला माणूस येत नाही.

७. रात्रीच्या ओलितावरून आल्यावर सकाळी व्यायाम करू का?

नाही. आधी झोपा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असते त्या आठवड्यात सकाळचा व्यायाम रद्द करून संध्याकाळी अर्धा तास ठेवा. झोप मोडलेली असताना जड उचलण्यात इजा होते, आणि झोप तुटली की भूक आणि साखर दोन्ही बिघडतात.

८. सकाळी चालायला निघाले की लोक पाहतात, सासूबाईंनाही आवडत नाही. घरातच होईल का?

होईल. प्रश्न ४ मधलं सगळं परसात होतं, साडी खोचून किंवा पंजाबी ड्रेसवर. चालायचं असेल तर अंगणात पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा चाला, रस्त्यावरच्या चालण्याइतकाच फायदा होतो. पण मला आणखी एक सुचवावंसं वाटतं: सासूबाईंनाच बरोबर घ्या. आमच्याकडे एका घरात सासूच्या गुडघ्यासाठी सुरू झालेला सराव आज बचत गटातल्या अकरा जणी मिळून करतात. गटाने फी वाटून घेतली तर प्रशिक्षणही परवडतं.

९. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असतो. व्यायाम बंद ठेवावा का?

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात बाहेरचा व्यायाम पहाटे साडेसहाच्या आत संपवा. संध्याकाळी भिंती आणि रस्ते तापलेले असतात, तेव्हा पहाटच बरी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चअखेर वेळ एकदम वाढवू नका. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत फक्त घरातला हलका सराव.

घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कुणी बरळायला लागलं, चालताना झोकांड्या गेल्या, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका.

१०. प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

बहुतेकांना नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किंवा साठीपुढच्याला थोडी जास्त. एका अंड्यात ६ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सुमारे ७, मूठभर फुटाण्यांत तेवढीच.

आपल्या शेतात सोयाबीन पिकतं आणि थेट मार्केट यार्डात जातं, याचं मला फार वाईट वाटतं. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिनं असतात. कच्चं खायचं नाही, त्यातले काही घटक पचनात अडथळा आणतात. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, चांगलं उकडून उसळ करा, किंवा उकडून वाळवून दहा किलो गव्हात एक किलो दळा.

पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आणि पक्कं बिल बघा. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. "लवकर बॉडी बनवतो" म्हणून कुणी इंजेक्शन देत असेल तर तिथून निघून या.

११. वजन कमी करायला भाकर सोडू की भात?

दोन्ही ठेवा, माप बदला. ताटात आधी भाजी आणि वरण दुप्पट करा, मग भाकर किंवा भात निम्मा होतोच. तर्रीवरचं तेल, दुपारच्या चहातली साखर आणि रात्री उशिराचं जेवण या तीन जागी आधी हात घाला. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तेल, त्यापेक्षा भगर, दही आणि शेंगदाण्याची आमटी बरी. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम. आपल्या लोकांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका धरतात, हातपाय बारीक असले तरी.

१२. उलट माझं वजन वाढतच नाही. कोणता व्यायाम करू?

आधी तपासणी, मग व्यायाम. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, कमी होत चाललेलं वजन असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा, मोफत होते. साखर आणि हिमोग्लोबिनही बघा. सगळं ठीक निघालं तर प्रश्न ४ चा व्यायाम करा आणि प्रश्न १० चं खाणं दिवसातून चार वेळा घ्या.

१३. गुडघे दुखतात. चालणं बंद करू का?

बंद केलं की मांडीचे स्नायू आणखी सुकतात आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. झिजेच्या गुडघेदुखीत व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकीच आहे. पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेल ठेवा आणि तो खाली दाबा, पाच सेकंद, दहा वेळा. मग उंच बाजेवरून उठा-बसा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी निवत असेल तर चालू ठेवा. गुडघा सुजून गरम झाला, अडकला किंवा ताप आला तर डॉक्टर.

१४. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. काय जपायचं?

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं ही सगळ्यात सोपी सुरुवात, त्याने जेवणानंतर चढणारी साखर खाली राहते. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर व्यायामात साखर फार उतरू शकते. आधी मोजा, १०० च्या खाली असेल तर काही खाऊन सुरू करा. थरथर, घाम, गरगर वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ती साखर कागदात बांधून खिशात असू द्या, वावरात जातानाही.

अनवाणी चालणं पूर्ण बंद. पायाची संवेदना कमी झाली असेल तर पराटीचं (कपाशीच्या झाडाचं) धसकट लागल्याचंही कळत नाही. रोज रात्री तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवा.

१५. बीपीची गोळी घेतो. वजन उचललं तर चालेल का?

रक्तदाब आटोक्यात असेल तर चालतं. श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. आकडा १८०/११० च्या आसपास असेल त्या दिवशी व्यायाम नाही, दवाखाना. मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल घेत असाल तर नाडी फारशी चढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर भरवसा ठेवू नका, प्रश्न ३ मधली बोलण्याची खूण वापरा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या आमच्या भागात, बोअरच्या पाण्यातच क्षार असतात. इथे प्यायला नळयोजनेचं पाणी घ्या आणि लोणचं-पापड आवरा. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चमचा.

व्यायाम करताना छाती दाटली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर "गॅस झाला असेल" म्हणून पडून राहू नका. १०८.

१६. पोलीस भरतीसाठी धावतो. नडगी दुखते, तरी धावू का?

मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तयारी जाहिरात आल्यावर सुरू होते, आणि ती डांबरी रस्त्यावर, हे दुखण्याचं मूळ. धावण्याचं अंतर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, मातीवर धावा, आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या. पायरीच्या काठावर एका पायाने टाचा उचला, पंचवीसपर्यंत जायचं. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचून दुखत असेल तर हाडाला तडा असू शकतो. धावणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखण्याची गोळी घेऊन धावलेली पोरं भरतीच्या दिवशी मैदानाबाहेर बसलेली मी पाहिली आहेत.

१७. मी सिकलसेलचा वाहक आहे. मैदानी तयारी करू शकतो का?

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. वाहकाला तो दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, प्रत्यक्ष आजार नसतो. तयारी करू शकता, पण आराखडा वेगळा हवा. पहिले काही आठवडे वेळ लावून जीव तोडून धावायचं नाही. फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती, भरपूर पाणी, तापात किंवा कडक उन्हात सराव नाही. पाय अचानक लुळे पडल्यासारखे वाटले, गोळे आले तर त्याच क्षणी थांबा आणि सोबत्याला सांगा. "अजून एक फेरी मार" म्हणणारा प्रशिक्षक तुमच्या जिवाशी खेळतो आहे. प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच हलका व्यायाम करावा, थंड पाण्यात उतरू नये. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट इथल्या प्रत्येक मुलामुलीने भरतीची तयारी सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय अभियानात चाळिशीपर्यंतच्यांसाठी ती होते, आशाताईंना विचारा.

१८. कंबर, मान आखडली आहे. वर्षभर व्यायाम करूनही सुटत नाही. गावात बऱ्याच जणांना हेच आहे.

मग पाणी तपासा. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग आणि मोठ्यांची पाठ ताठ, ही जोडी दिसली की संशय घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. ग्रामपंचायतीमार्फत नमुना तपासून घ्या आणि पिण्याचा स्रोत बदला. त्याशिवाय मी कितीही ताणून घेतलं तरी उपयोग नाही.

१९. बाळंतपणानंतर कधी सुरू करू?

साध्या बाळंतपणानंतर बरं वाटू लागताच घरातल्या घरात चालणं. बाकी व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, सिझर असेल तर जड उचलणं तीन महिन्यांपर्यंत टाळा. अंग बाहेर येत असेल, खोकताना लघवी सुटत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. यावर उपचार आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या आधी, धावणं नंतर.

२०. फवारणीच्या दिवशी व्यायाम?

नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते आठवा. अंघोळ, कपडे वेगळे, विश्रांती. मळमळ, डोळ्यांपुढे धूसर, फार लाळ किंवा घाम आला तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

२१. खर्रा सुटत नाही. आधी तो सोडू की व्यायाम सुरू करू?

व्यायाम आजच सुरू करा, तलफ आली की पाच मिनिटं झपझप चाला. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. पुडी खिशातून घरी, घरातून दुकानात, एवढं अंतर वाढलं तरी सुरुवात झाली.

२२. चांगला प्रशिक्षक कसा ओळखायचा?

तो आधी विचारतो, मग शिकवतो. तुमच्या गोळ्या बंद करायला सांगत नाही. "शुगर कायमची घालवतो" असं म्हणत नाही. स्वतःच पावडरीचा डबा विकत नाही. फी आणि भेटींची संख्या लिहून देतो. पहिल्या दोन-तीन भेटी समोरासमोर असाव्यात, पुढे व्हिडिओ कॉल चालतो, रेंज नसेल तर व्हिडिओ काढून पाठवला तरी चालतो. आणि रक्तदाब-साखरेच्या तपासणीचे पैसे त्याला देऊ नका, तिशीपुढच्यांची ती उपकेंद्रात मोफत होते.

२३. "बाबा ७२ वर्षांचे आहेत. आता सुरू करून काय फायदा?"

स्नायू सत्तरीतही ताकद धरतात. या वयात सगळ्यात मोठी भीती पडण्याची आणि खुब्याचं हाड मोडण्याची, म्हणून तोलापासून सुरू करा. ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. तुम्ही मागे उभे राहा. चक्कर येत असेल किंवा गेल्या वर्षात पडले असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. न्हाणीतला शेवाळलेला दगड घासून काढा, रात्री उठताना दिवा हाताशी ठेवा. पंधरा दिवसांनी बोट उचलून बघा.